'शैतान' पाहिला असेल तर 'वश' नको?

हिंदी भयपट 'शैतान' पाहिलाय, गोष्ट तीच, मग तो ज्याच्यावरून केला तो मूळ गुजराती 'वश' पाहण्यात वेळ का घालवायचा, हा प्रश्न मला अजिबात पटला नाही. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यातले. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. हितेन कुमारला इथे सगळ्यांनी गुजराती पडद्यावरचा लाडका नायक म्हणून पाहिलंय. तोच माणूस 'वश'मध्ये (२०२३) सभ्य आवाजात बोलत घरात शिरतो, तेव्हा पोटात जो गोळा येतो तो 'शैतान'मध्ये तीच भूमिका करणाऱ्या माधवनला पाहून आला नाही. माधवनने काम उत्तम केलंय, वाद नाही.

या परक्याने दिलेलं खाऊन घरातली मुलगी त्याच्या वशात जाते आणि तो सांगेल ते करत सुटते. दोन्हीकडे ती मुलगी जानकी बोडीवालाच. तिचा चेहरा नीट बघा. हुकूम सुटला की अंग ऐकतं, पण डोळे आईकडे मदत मागत राहतात. ना पांढरी साडी, ना करकरणारं दार. भर दिवसा, आईबापांसमोर, सगळ्यांच्या देखत! 'वश'साठी तिला सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो शंभर टक्के योग्य.

माझी आजी इथल्या मांडवी भागात जाताना बजावायची, "कुणी परक्याने दिलेलं तोंडात घालायचं नाही हं." सिनेमा नेमका त्याच धाकावर बोट ठेवतो, म्हणून मला तो इतका लागला. हिंदीत शेवटाकडे पसारा वाढवला आणि भीती पातळ झाली, असं माझं स्पष्ट मत.

भीतीचंच काही बघायचं तर 'खौफ' ही हिंदी मालिकाही चांगली आहे, होस्टेलमधले प्रसंग विशेष. पण आधी 'वश' बघा, मूळ गुजरातीतच. सबटायटल्स लावा हवं तर.