स्क्रोल सॉ: पॅटर्नमधलं काय कापायचं आणि काय ठेवायचं? सल्ला हवा

कापू_की_नको
नमस्कार मंडळी. स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक ब्लेडची करवत-मशीन, घेऊन तीन महिने झाले. कोडी, प्राण्यांचे आकार, म्हणजे बाहेरून कापायची कामं जमतात. आता पहिल्यांदाच आतलं जाळीकाम घेतलं. मांजराच्या फोटोचं संगणकावर काळं-पांढरं चित्र केलं, ६ मिमी प्लायवर चिकटवलं आणि पांढरा भाग कापत सुटलो. मागे काळा कागद धरला तर मांजराचं भूत! वर दोन्ही बुबुळं सुटून खाली पडली. तयार पॅटर्न बघावेत तर कुठे करडा रंग, कुठे काळा, कुठे नुसत्या रेषा. कापायचं काय हे तुम्ही कसं ठरवता?

भुसाच_भुसा
आधी मागे काय लावणार ते ठरवा, मग करवतीला हात लावा. प्लाय फिकट आणि पाठ गडद असेल तर चित्रातला गडद भाग कापायचा, कारण त्या भोकांतून पाठीचा काळा रंग दिसणार. तुम्ही नेमकं उलट केलंत, म्हणून फोटोची निगेटिव्ह झाली. तो तुकडा फेकू नका मात्र. प्लायला गडद स्टेन (लाकडात मुरणारा रंग) द्या, मागे पांढरी पाठ लावा, बुबुळं त्याच स्टेनमध्ये रंगवून पाठीवर जागच्या जागी चिकटवा. मांजर परत येईल.

तयार पॅटर्नमध्ये बहुतेक वेळा रंग भरलेला भाग कापायचा असतो, पण सगळेच तसं करत नाहीत. शंका आली की चौकट बघा. चौकटीचा जो रंग, तोच लाकडाचा. नुसती एकेरी रेषा असेल तर ब्लेड तिच्यावरून न्यायचं आणि त्याच वाटेनं मागे आणायचं. पानांच्या शिरा, मिशा अशाच काढतात.

चौकटराजा
वरचं सगळं बरोबर, पण खरी गोम 'बेटां'ची आहे. राहणाऱ्या लाकडाच्या प्रत्येक ठिपक्यापासून बोट न उचलता चौकटीपर्यंत जाता आलं पाहिजे. जिथे बोट अडलं तिथे बेट, आणि बेट म्हणजे पडणारा तुकडा. मी हे संगणकावरच तपासतो. रंग ओतायचं जे साधन असतं ते घेऊन चौकटीवर एकदा लाल रंग ओतायचा. लाकूड म्हणून ठेवायचा जो भाग लाल झाला नाही, तो सुटणार. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. फक्त दोन भाग नुसत्या कोपऱ्याला टेकले असतील तर तिथे डोळ्यांनी बघा. पडद्यावर जोडलेलं दिसतं, लाकडात तिथे काहीच उरत नाही.

बेट सापडलं की तीन वाटा: पूल काढून जोडा, कापून टाका, नाहीतर नंतर पाठीवर चिकटवा. पूल काढताना तो चित्रातलीच एखादी रेषा वाटेल अशा जागी काढा, डोळ्याच्या कोपऱ्यातून किंवा केसांच्या बटेतून. गालावरून आडवा पूल नेलात तर व्रण दिसतो.

कापू_की_नको
भुसाच_भुसा, स्टेनची युक्ती आजच करतो. पण काळं कापून दुसरं मांजर करायचं ठरवलं तर आता बुबुळातला चमकेचा ठिपका बेट होतोय! आणि पूल किती जाड ठेवू?

चौकटराजा
ठिपक्याला वरच्या पापणीकडून बारीक पूल द्या, चमक तशीही बहुधा वरच्या बाजूलाच असते. जाडीचं म्हणाल तर लाकडाच्या जाडीइतकी रुंदी ठेवा.

उभा_रेषा
हे जरा अतीच होतं हो. ६ मिमीचा पूल मांजराच्या डोळ्यात? पोर्ट्रेटला मी ३ मिमी प्लाय घेतो आणि चांगल्या प्लायमध्ये २ मिमीचे पूल टिकतात. सलग लाकडात मात्र ही चैन नाही. तिथे अरुंद पट्टी लाकडाच्या तंतूंना आडवी आली की बोटाच्या धक्क्यानेही तुटते. प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात म्हणून तो सांभाळून घेतो. आणि पूल फारच नाजूक वाटले तर पॅटर्न मोठा छापा. सव्वापट केला की २ मिमीचा पूल अडीचचा होतो.

ब्लेड पिनवालं आहे, म्हणजे टोकांना आडवी पिन असलेलं, की बिनपिनचं? आतली जागा कापायला ब्लेड आधी भोकातून ओवावं लागतं, आणि पिनवाल्याला ते भोक पिन जाईल एवढं मोठं पाडावं लागतं, म्हणजे बुबुळाएवढ्या जागा तुमच्या हातातून गेल्याच. काय कापायचं हे अर्धं तिथेच ठरतं.

कापू_की_नको
पिनवालं आहे. 😐

उभा_रेषा
मग मशीनला साध्या टोकाच्या ब्लेडचे क्लॅम्प बसतात का ते आधी बघा. तोवर छोटे काळे ठिपके कापू नका, ड्रिलनेच पाडा.

भुसाच_भुसा
क्रमही लक्षात ठेवा. सगळी भोकं आधी पाडायची. मग मधल्या बारीक जागा, नंतर बाहेर सरकत मोठ्या, आणि बाहेरचा आकार शेवटी. मोठी जागा आधी उडवलीत तर शेजारच्या नाजूक पट्ट्यांना आधार राहत नाही, त्या ब्लेडबरोबर थडथडतात. कापायच्या भागांवर आधी फुल्या मारून ठेवा. मी इतकी वर्षं करतोय तरी फुलीशिवाय ब्लेड ओवत नाही. एकदा अख्खं नाक उडवलं होतं.

पाटीवाली
मध्येच घुसते. नावाची पाटी करायची आहे, अक्षरं कापून काढू की ठेवू?

चौकटराजा
अक्षरं ठेवलीत तर शिरोरेषा अख्खा शब्द धरून ठेवते, ही आपल्या लिपीची मोठी सोय. सुटतात ते अनुस्वार, त्यांना पाठ हवी. अक्षरं आरपार कापलीत तर व, ब, क यांची पोटं पडतात. प सुद्धा, कारण त्याचं तोंड शिरोरेषा बंद करते. त्या प्रत्येकाला पूल द्यावा लागेल. मी असतो तर ठेवली असती.

कापू_की_नको
स्टेन वाळला. मांजर दिसतंय! एक बुबुळ भुशात सापडलं, दुसरं मिळेना. नवीन कापतोय, या वेळी फुली मारून.