तळहातापेक्षा लहान पापलेट विकत घ्यावा का?

डोंबिवलीकर_वृषाली: रविवारी बाजारात पापलेटचा वाटा घेतला, एका वाट्यात आठ. घरी आणून फूटपट्टी लावली तर सगळ्यात मोठा ११ सेंटीमीटर. पापलेट २०२३ च्या सप्टेंबरात राज्यमासा झाला आणि त्याच सुमारास ५४ जातींच्या माशांसाठी किमान माप ठरलं, पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, हे वाचलं होतं. मग हे आठ बाजारात आले कसे? मी घेतले नाहीत तर काही फरक पडतो का? कुणी दर्याशी संबंधित असेल तर सांगा.

डोलकर_पालघर: ताई, आमची घरची डोल आहे, आजोबांपासून. म्हणून थोडं लांब लिहितो.

डोल म्हणजे समुद्रात बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीच्या ओढीनं मासळी आत जाते. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, भरपूर मिळते; भांगेला, म्हणजे मधल्या लहान भरतीला, ओढ मंदावते. बोंबील आणि जवळा धरायचा तर खोल्याचा, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या भागाचा, आस, म्हणजे जाळ्याचं भोक, बारीकच लागतो. त्याच पाण्यात पापलेटची पिल्लं असली की तीही येतात. जाळं वर ओढेपर्यंत ती मेलेली असतात. ती परत पाण्यात टाकून दर्याचं काय भलं होणार? बंदरावर फूटपट्टी धरणाऱ्यांना मी हेच सांगतो: माप जाळ्याच्या आसाला लावा आणि जाळं कधी, कुठे घालायचं त्याला लावा.

ट्रॉलरला, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटीला, ४० मिलिमीटरचा चौकोनी आस सांगितलाय, तो त्याचसाठी. तिरक्या आसाचं जाळं ओढलं की आस मिटतो, चौकोनी उघडा राहतो आणि लहान मासळी जिवंत निसटते. माझ्या मते सगळ्या नियमांत हा सर्वात कामाचा. डोलीला तो जसाच्या तसा चालणार नाही, बोंबीलच निघून जाईल. आम्हाला उपाय एकच, पिल्लं दिसली की जागा सोडायची. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात सलग तीन दिवस खोल्यात पापलेटची पिल्लंच जास्त होती. मी आठ दिवस जाळं उचलून ठेवलं. शेजारच्यांनी ठेवलं नाही. त्या आठ दिवसांचा खलाशांचा पगार मी घरातून दिला.

मासेमारीची पावसाळी बंदी १ जूनला सुरू होते, ३१ जुलैला संपते. पूर्वी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी दर्यात जात नसे. बंदी निदान १५ ऑगस्टपर्यंत न्यावी असं मला मनापासून वाटतं. आणि १३५ मिलिमीटरच्या पापलेटात गाबोळी, म्हणजे अंडी, मी तरी कधी पाहिलेली नाही. ते मापसुद्धा मला कमी वाटतं.

रापणकर_मालवण: डोलकरभाऊ, पटलं. पण आमच्या रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, किनाऱ्यावर जे लागतं तेवढंच मिळतं, आणि बाहेर पर्ससीननं, म्हणजे थव्याभोवती टाकून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्यानं, बांगड्याचा थवाच्या थवा घेरला की किनाऱ्याला काही उरत नाही. २०१६ च्या अधिसूचनेनं पर्ससीनला महिने आणि हद्द घातली, २०१७ मध्ये केंद्रानं एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर उजेड दिसतो. राज्याचा कायदा १२ सागरी मैलांपर्यंत, पुढचं पाणी केंद्राचं. बोट त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे होत राहते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर प्रकरणं तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे जातात, दंडही लाखांत गेलाय. पण गस्तीची बोट वेळेवर आली पाहिजे ना.

डोंबिवलीकर_वृषाली: मग मी मासेवालीला काय सांगू? ती तर लिलावात मिळेल ते आणते.

डोलकर_पालघर: तिच्याशी भांडू नका. पहाटे उठून टोपली आणणारी बाई आहे ती. फक्त म्हणा, "मावशी, पापलेट मोठा असेल तेव्हाच ठेवा माझ्यासाठी, नाहीतर बोंबील द्या." बोंबीलही १८ सेंटीमीटरच्या वरचा बघून घ्या. दहा गिऱ्हाइकांनी असं म्हटलं की लिलावात पिल्लांचा भाव पडतो, आणि भाव पडला की डोलकरालाही जाळं उचलून ठेवणं जड जात नाही. मांदेली, जवळा मुळातच लहान, ते घ्या.

डोंबिवलीकर_वृषाली: आज गेले होते. मावशी म्हणाल्या, "मोठा परवडंल का तुला?" महिन्यातून एकदाच घेईन म्हटलं. अर्धा किलो मांदेली घेऊन आले.