चेंगडूतल्या काकू आणि तिरफळ

बरेच जण म्हणतात की चिनी लोक पहिल्याच भेटीत पगार किती, लग्न झालं का असलं विचारतात आणि ते खटकतं. मी तीन वर्षं चीनमधल्या चेंगडू शहरात होते, सुरवातीला मलाही अवघडायला व्हायचं, पण ती चौकशी बहुतेक वेळा मायेपोटीच असते, आपल्याकडे गावाला गेल्यावर कसं ओट्यावरूनच विचारतात, काय गं, कुठे असतेस, मुलंबाळं किती, अगदी तसंच. जुनी माणसं तर भेटल्यावर 'छृ ल मा' म्हणतात, म्हणजे जेवलीस का!

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू होत्या (तिथे अशा बाईला 'आयी' म्हणतात). मला सर्दी झाली तर थर्मासभर गरम पाणी घेऊन दारात हजर, कारण तिथे कशावरही पहिला उपाय गरम पाणी, स्टेशनवर नि ट्रेनमध्येसुद्धा त्याचे नळ असतात. एकदा त्यांच्याकडे गेले तर सुपासारख्या टोपलीत हुआजियाओ (तिथला मसाला, सिचुआन मिरी) निवडत बसलेल्या, काळ्या बिया काढून टाकायच्या आणि नुसती सालं ठेवायची. मी एक साल चावून बघितलं, जीभ झिणझिणली, आणि एकदम मालवणातलं स्वयंपाकघर आठवलं, कारण आई बांगड्याच्या तिखल्यासाठी तिरफळं अशीच निवडते. दोन्ही झाडं एकाच कुळातली, चव थोडी वेगळी. मोडक्यातोडक्या चिनीत हे त्यांना सांगितलं तर त्यांनी अर्धी टोपली माझ्यापुढे सरकवली, मग दोघी निवडत बसलो.

आणि हो, शाकाहारी असाल तर 'वो छृ सू' (मी शाकाहारी आहे) पाठ करून जा, मापो तोफू या तिथल्या टोफूच्या पदार्थातही खिमा असतो.