लेहला जायचं तर नेमकं कधी?

कृष्णाकाठ (सांगली): मार्च लागला की आपल्याकडे लेहच्या ग्रुप टूरची बोलणी सुरू होतात आणि महिना आधीच ठरलेला असतो, मुलांची सुट्टी म्हणून मे नाहीतर जून. माझं स्पष्ट मत आहे, लेह जानेवारीत बघावं. मी गेल्या वर्षी जाऊन आले. पाइपात पाणी गोठतं म्हणून घरोघरी नळ बंद. आमची घरमालकीण रोज सकाळी बादलीवरचा बर्फाचा पापुद्रा वाटीच्या काठाने फोडायची आणि तेच पाणी बुखारीवर, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीवर, चहाला ठेवायची. सगळं घर त्या एका खोलीत. तिथं त्यांच्याशी जेवढ्या गप्पा झाल्या, तेवढ्या जूनच्या गर्दीत कधीच झाल्या नसत्या.

खटावकर: ताई, अनुभव खरा, पण सल्ला म्हणून हे पटत नाही. लेह साधारण ३५०० मीटरवर, आपला सातारा ७०० च्या आसपास. श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. त्यात जानेवारीच्या रात्री पारा उणे १५-२० पर्यंत उतरतो, श्रीनगर-लेह रस्त्यावरची झोजिला खिंड बर्फाने कधीही बंद होते, त्यात विमान रद्द झालं की अडकलात. माझ्या वडिलांना जूनमध्येच त्रास झाला. टूरवाल्याने पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही उंच खिंड दाखवायला नेलं. वर त्यांचे ओठ निळे पडले, माझं नाव विचारलं तर आठवेना. खाली आणल्यावर सावरले. थंडीत असं झालं असतं तर काय, या विचाराने अजून झोप उडते.

कृष्णाकाठ: वाचून वाईट वाटलं. पण दादा, हा दोष महिन्याचा नाही, घाईचा आहे. विमानाने गेल्यावर पहिले दोन दिवस लेहमध्येच आराम करायचा, कुठल्याही ऋतूत. साठीच्या माणसांना जानेवारीत नेऊ नये, एवढं मात्र मान्य.

माणदेशी: तुम्ही दोघंही एप्रिल विसरलात. माणात पाऊस नाही म्हणून आमचा जन्म टँकरकडे बघण्यात गेला, आणि लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पडतो! सगळी शेती वितळत्या बर्फावर. पेरणीच्या तोंडाला पाणी कमी, कारण वरचा बर्फ अजून सुटलेला नसतो. त्यावर उपाय म्हणून सोनम वांगचुक यांनी लेहजवळच्या फ्यांग गावी बर्फाचे स्तूप उभे केले. हिवाळ्यात वाया जाणारं पाणी उंचावरून पाइपाने आणून कारंज्यासारखं उडवायचं, ते गोठत जातं आणि वसंतात थेंबथेंब सुटतं. गावात पाणी वाटायला चुरपोन असतो, म्हणजे आपला पाटकरीच. कुणाची पाळी कधी, हे तो ठरवतो. शिवाय एप्रिलमध्ये खालच्या गावांत जर्दाळू फुलतो. करड्या डोंगराखाली ती गुलाबी-पांढरी झाडं बघून मी रस्त्यातच थांबलो होतो.

खटावकर: एप्रिलला पोरांच्या परीक्षा. आणि मनाली-लेह रस्ता तेव्हा सहसा उघडलेला नसतो, झोजिलाचाही भरवसा नाही, म्हणजे पुन्हा थेट विमान. वडिलांना आता टप्प्याटप्प्याने चढत न्यायचंय. श्रीनगर, कारगिल, प्रत्येक ठिकाणी मुक्काम. सप्टेंबर कसा राहील?

माणदेशी: उत्तम. सातूची कापणी संपत आलेली असते, आकाश स्वच्छ, गर्दी ओसरलेली. पण त्याच महिन्यात आपलं कास फुलतं, ते चुकेल.

खटावकर: कास दर वर्षी बघतो. वडील आता सत्तरीला आले.