शब्दचर्चा : फॅन आयकॉन, स्क्रीनकॅप, बेस वगैरे

पाणबुडी
दिवाळी अंकासाठी एक लेख लिहितेय. २००० नंतरच्या दशकात इंग्रजी मालिकांचे चाहते लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटवर जे चिमुकले चौकोनी आयकॉन बनवायचे, त्यांच्याबद्दल. मालिकेच्या भागातलं एक दृश्य थांबवून उचलायचं, फोटोशॉपमध्ये कापायचं, रंग फिरवायचे, जमलं तर वर चार शब्द टाकायचे आणि आपल्या लिखाणाशेजारी लावायचं. पण "आयकॉन", "स्क्रीनकॅप", "बेस", "क्रॉप", "टेक्श्चर" हे शब्द इतक्यांदा येताहेत की मराठी फक्त "केलं", "झालं"पुरती उरलीय. भाषांतराच्या यंत्राला विचारलं, तर त्याने क्रॉपचं "पीक" काढून दिलं. शब्द सुचवा.

उंटावरचा
आयकॉनला डीपी म्हणा की. सगळ्यांना कळतं.

फ्लेक्सवाला
आमच्याकडे डीपी म्हणजे शेताच्या कडेचा वीजमंडळाचा डबा. डीपी जळाली म्हटलं की लोक मोटरीच्या काळजीत पडतात, फोटोच्या नाही.

पाणबुडी
तो घोळ राहू द्या, पण डीपी चालणार नाही याचं कारण वेगळं आहे. डीपी एका वेळी एकच असतो. लाइव्हजर्नलवर एका खात्यात अनेक आयकॉन ठेवता यायचे. फुकट खात्याला मोजके, पैसे भरले की जास्त. प्रत्येकाला एक खूणशब्द द्यायचा आणि कुणाला उत्तर देताना यादीतून त्या वेळेपुरता निवडायचा. भांडायला एक, कौतुकाला एक, नुसते डोळे फिरवायला एक. डीपी सांगतो की मी कोण. हा आयकॉन सांगायचा की हे मी कुठल्या सुरात बोलतेय.

खडीसाखर
बिल्ला? छातीवर लावतात तो. चाहत्याने आपला पक्ष जाहीर करायचा, एवढंच तर काम आहे त्याचं.

शिरोरेघ
बिल्ला गोड आहे, पण तो वरून मिळतो. स्वयंसेवकाचा असो की हमालाचा, सगळ्यांचा सारखा आणि देणारा दुसराच. इथे प्रत्येकाचा वेगळा, आणि पाणबुडीताई म्हणतात तसा क्षणाक्षणाला बदलणारा. मी "मुद्रा" सुचवेन. राजमुद्रेतली मुद्रा म्हणजे ठसा, हे पत्र माझंच याची खूण. आणि चेहऱ्यावरची मुद्रा म्हणजे भाव. या आयकॉनचं काम हेच दोन्ही होतं: कुणीतरी डोळे बारीक केलेत, ओठ दाबलेत, आणि तो चेहरा तुमच्या मजकुराच्या माथ्यावर शिक्क्यासारखा बसलाय.

उंटावरचा
मुद्रा म्हटलं की मला २०१५ची कर्जयोजना आठवते.

शिरोरेघ
आठवू द्या. शब्दाला शेजारी असतातच.

स्क्रीनकॅपकडे वळू, कारण तिथे अर्थाचा खरा फरक आहे. स्क्रीनशॉट म्हणजे पडद्यावर जे दिसतंय ते सगळं: खिडकीच्या कडा, कोपऱ्यातलं घड्याळ. स्क्रीनकॅप म्हणजे चित्रफितीतली नेमकी एक चौकट, बाकी काही नाही. तेव्हाच्या संगणकांवर हा फरक हाताला लागायचा. डीव्हीडी चालू असताना प्रिंट स्क्रीनची कळ दाबली, की चित्राच्या जागी बहुतेकदा काळा आयत यायचा, कारण चलचित्र ग्राफिक्स कार्ड परस्पर वेगळ्या थरावर रंगवायचं. म्हणून पॉवरडीव्हीडी किंवा व्हीएलसीसारख्या प्लेअरमधली चौकट टिपायची सोय वापरावी लागे. सिनेमावर लिहिणारे मराठीत फ्रेमला चौकट म्हणतातच. स्क्रीनकॅपला नुसतं "चौकट" म्हणा, क्रियापद "टिपणे". "तिसऱ्या भागातल्या चौकटी टिपल्या." कुठेच अडत नाही.

खडीसाखर
"उचल" कसं वाटतं? उचललेलं चित्र.

शिरोरेघ
उचल ऊसतोड कामगार मुकादमाकडून घेतात. त्या शब्दावर आधीच खूप ओझं आहे.

पाणबुडी
चौकट घेतली. आता बेस. माझं गाडं मुख्य इथेच अडलंय. तेव्हाच्या लोकांत बेस म्हणजे चौकटीतून कापून १०० गुणिले १०० पिक्सेलचा केलेला तुकडा. फार तर थोडा उजळलेला. कुणीही घ्या, त्यावर आपलं काम करा, म्हणून वाटायला ठेवलेला. आणि जिच्यावर अक्षरं नाहीत पण रंगकाम पूर्ण झालंय अशी मुद्रा वेगळी. ती बनवणारीच्या दृष्टीने पक्की असायची. नवखे लोक अशी अक्षरांविना मुद्रा उचलून तिच्यावर स्वतःचे शब्द लिहायचे आणि मग जुंपायची. बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या नियमांत एक ओळ ठरलेली असे, की अक्षरं नसलेले आयकॉन म्हणजे बेस नव्हेत. "आधारचित्र", "पायाचित्र" लिहून पाहिलं, पण दोन्हीत हा झगडा दिसतच नाही.

खडीसाखर
कात्रण.

पाणबुडी
अगं!

खडीसाखर
आपल्याकडच्या चाहत्यांनी तरी दुसरं काय केलं? वर्तमानपत्रातून, मासिकांतून नटनट्यांचे, क्रिकेटवाल्यांचे फोटो कापून वहीत चिकटवले. कापून ठेवलं ते कात्रण. चिकटवून, भोवती स्केचपेनने महिरप काढून, खाली गाण्याची ओळ लिहिली की ते पान आपलं. "अक्षरं नाहीत म्हणून कात्रण समजू नका." मला तरी भांडण ऐकू येतंय.

शिरोरेघ
मान्य, आणि क्रॉपचंही काम झालं. "कातरणे" म्हणा. "छाटणे"मध्ये नको असलेलं काढून टाकायचा भाव आहे. "कातरणे"मध्ये आकार देण्याचा आहे, आणि या कलेत निम्मी करामत तिथेच होती. अमेरिकी डीव्हीडीवरची चौकट ७२० गुणिले ४८०, म्हणजे ३,४५,६०० पिक्सेल. मुद्रेत जेमतेम १०,०००. अख्खं दृश्य आत कोंबलं तर माणसांचे तांदूळ होतात. त्यामुळे अर्धाच चेहरा घ्यायचा, एक डोळा अगदी कडेला ठेवायचा, किंवा नुसता हात ठेवून बाकी चौकोन रिकामा सोडायचा.

डीव्हीडीचे पिक्सेल चौरस नसतात, हेही लेखात येऊ द्या. युरोपी डीव्हीडीवरची ७२० गुणिले ५७६ची रुंद-पडदा चौकट १०२४ गुणिले ५७६पर्यंत ताणून घेतली नाही, तर सगळे नट आजारातून उठल्यासारखे लांबोडके दिसतात. कातरण्याच्या आधी ताणायचं.

फ्लेक्सवाला
मी वाढदिवसाचे बॅनर करतो, मालिकाबिलिका बघत नाही. पण हे सगळं काम ओळखीचं आहे. आमच्याकडेही तयार पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फाइली, फिरतात, एकाने बनवायची आणि पन्नास जणांनी नाव बदलून छापायची. भांडणंही हीच.

फोटोशॉपमध्ये चित्राचा एक थर खालच्या थरात कसा मिसळायचा, त्याला आमच्या दुकानात कुणी "मिश्रणपद्धत" म्हणत नाही. आम्ही "मारतो". स्क्रीन मार, मल्टिप्लाय मार, कर्व्ह मार, कडेला फेदर मार. तुमच्या लेखात "मारणे" बसत असेल तर घ्या. इंग्रजी शब्द राहतो, पण वाक्य मराठी होतं.

पाणबुडी
फ्लेक्सवाले, हे फारच कामाचं आहे. आयकॉन बनवायच्या तेव्हाच्या बहुतेक धड्यांची पहिली पायरी हीच असायची: मूळ थराची प्रत काढा आणि तिला स्क्रीन मारा. कारण मालिका अंधाऱ्या होत्या. "द एक्स-फाइल्स" (मूळ मालिका १९९३ ते २००२) तर टॉर्चच्या उजेडात घडते. "बॅटलस्टार गॅलॅक्टिका"मध्ये यानाच्या आत दिवस उगवतच नाही. तसली चौकट १०० पिक्सेलवर आणली की कोळशाचा खडा.

पण स्क्रीन हे नाव मराठीत कसं समजवायचं? "पडदा थर" म्हटलं तर झाकणारं काहीतरी वाटतं, आणि हा तर उजळतो.

शिरोरेघ
उलट "पडदा" बरोबरच आहे, फक्त घरातला नाही, थेटरातला. दोन प्रोजेक्टरमधून दोन पारदर्शिका एकाच पडद्यावर एकावर एक टाकल्या, तर उजेडात उजेड मिळतो आणि चित्र कधीच आधीपेक्षा काळं होत नाही. स्क्रीनचा हिशोब तोच. मल्टिप्लाय म्हणजे त्याच दोन पारदर्शिका एकमेकींवर ठेवून एका दिव्यासमोर धरणं. उजेड दोघींतून गाळून येतो, म्हणून गडद.

आकड्यांत सांगायचं तर ० काळा, २५५ पांढरा. प्रतीला स्क्रीन मारल्यावर ५१चा पिक्सेल ९२ होतो, २०४चा २४५. दोन्हीकडे भर ४१चीच, पण अंधारातला जवळपास दुप्पट झाला आणि उजेडातला पांढऱ्याला जाऊन भिडला. म्हणूनच दोन-तीनदा स्क्रीन मारलेल्या जुन्या मुद्रांत कपाळं आणि नाकाचे शेंडे भाजल्यासारखे पांढरे दिसतात. त्याच्यावर उतारा म्हणून लोक अगदी गडद निळा थर एक्सक्लूजन या आणखी एका मिश्रणपद्धतीने मारायचे. अंधाऱ्या भागात निळी झाक येते, पांढऱ्यातला निळा थोडा उतरून तो पिवळसर होतो, आणि सगळ्याला जुन्या छापील फोटोची कळा येते. २००५च्या आसपासची मुद्रा त्या रंगावरून ओळखावी.

कॉन्ट्रास्टला "उठाव" लिहा, तो शब्द चित्रकारांच्या तोंडी आहेच.

खडीसाखर
टेक्श्चरला "पोत" सरळच आहे.

शिरोरेघ
तितकं सरळ नाही. पोत हा कापडाचा गुण झाला, तो वेगळा काढून हातात देता येत नाही. इथे टेक्श्चर म्हणजे तयार चित्र: कागदाचे कण, ओरखडे, नाहीतर कॅमेऱ्यात उजेड शिरल्यासारखे केशरी डाग. ते चित्र वर पसरायचं आणि स्क्रीन मारायचं. "तिने वीस पोत वाटले" कसं वाचणार? शिवाय "पोती" म्हणून वाचलं तर शेंगदाण्याची.

खडीसाखर
मग कागदाच्या कणांना पोत, आणि त्या केशरी उजेडाला "मुलामा". मुलामा वरूनच चढवतात.

शिरोरेघ
मुलाम्यात थोडी फसवणूक आहे. पण या कामातही होती, चालेल. मी मात्र स्वतः लिहिताना टेक्श्चरच लिहीन. प्रत्येक शब्द पाडलाच पाहिजे असं नाही.

पाणबुडी
मुलामा मला हवाय, एका जागी तरी वापरणार. आणखी एक: हॉटलिंक. चित्र आपल्याकडे उतरवून न घेता थेट बनवणारीच्या जागेवरून दाखवायचं. प्रत्येक वेळी कुणी बघितलं की ओझं तिच्या सर्व्हरवर. महिन्याची मर्यादा संपली की तिची सगळी चित्रं बंद.

फ्लेक्सवाला
आकडा टाकणे. तारेवर आकडा टाकून वीज घेतात तसं. यात विचार करण्यासारखं काय आहे?

उंटावरचा
या माणसाला शब्दकोश मंडळावर घ्या.

पाणबुडी
"आकडा टाकू नका, श्रेय द्या." नियमांची अर्धी पाटी या चार-पाच शब्दांत झाली! श्रेयाला वेगळी जागाच होती. प्रत्येक आयकॉनला एक छोटी टीप जोडता यायची, तिथे बनवणारीचं नाव लिहीत.

थोडा इतिहासही एका परिच्छेदात देतेय: लाइव्हजर्नल १९९९मध्ये अमेरिकेत ब्रॅड फिट्झपॅट्रिकने सुरू केलं, २००५मध्ये ते सिक्स अपार्ट या कंपनीकडे गेलं, २००७च्या अखेरीस रशियाशी संबंधित सूप (SUP) या कंपनीकडे. त्याच्याच प्रणालीवरून २००९मध्ये ड्रीमविड्थ ही तशीच साइट निघाली. पुढच्या काही वर्षांत बरेच चाहते टम्बलरवर हलत्या चित्रांच्या माळा करायला लागले, आणि १०० पिक्सेलच्या चौकोनाची गरजच सरली. हलत्या मुद्रा लाइव्हजर्नलवरही होत्या, पण फाइल ४० केबीच्या आत बसवायची. जीआयएफमध्ये रंग २५६, आणि चौकटी वाढल्या की वजन वाढतं. पापणी लवली की संपलं.

उंटावरचा
देवनागरीत कुणी केल्या का अशा मुद्रा? "मी नाही जा" वगैरे लिहून?

फ्लेक्सवाला
जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाकली की फुटायची. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं हलन्त होऊन सुटी पडतात. म्हणून आम्ही अजून श्रीलिपीचे जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतो. नव्यात दक्षिण आशियाई अक्षरजुळणीची सोय आहे, ती चालू करावी लागते. गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड नीट बसतं, पण आमच्या गल्लीत गिंप कुणी उघडत नाही.

शिरोरेघ
फुटलं नाही तरी जागेची अडचण राहतेच. रोमन मोठी अक्षरं पाच पिक्सेल उंचीत वाचता येतात. सिल्कस्क्रीनसारखे ठिपक्यांचे फॉन्ट त्यासाठीच होते. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, मध्ये रेघ. "तू" लिहायचा तर तळाला जागा राखावी लागते, "मैत्री" लिहायची तर दोन मात्रा एकमेकींत मिसळतात. मोठा, ठळक एकच शब्द लिहिला तर छान बसतो. "हं." किंवा "बरं."

पाणबुडी
आणि त्या मुद्दाम वाचता न येणाऱ्या ओळी? मुद्रेच्या कडेला तीन-चार पिक्सेल उंचीचा मजकूर टाकायची फॅशन होती, नुसती नक्षी म्हणून.

खडीसाखर
मुंग्या म्हणा.

शिरोरेघ
मुंग्या छान. पण त्या रोमनच्याच. देवनागरीत तीन पिक्सेलवर शिरोरेघा एकमेकींना जुळतात आणि नुसती आडवी पट्टी उरते.