म्यूलर पेशी हिरव्यागार, अँटिबॉडी मात्र गप्प. कोणाचं खरं मानू?

उंदीरवाली, फोंडा

नमस्कार. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, विषय रेटिनातल्या (डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या) ग्लिया, म्हणजे मज्जापेशींना आधार देणाऱ्या पेशी. आमच्याकडे जीएफएपी-जीएफपी उंदीर आहेत. जीएफएपी हे ग्लियातलं प्रथिन, जीएफपी ही मूळची जेलीफिशची हिरवी चमक. नावात फरक एका 'ए'चा. (घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, मिरामारला जेलीफिश दिसला तर माणसं पाय उचलून पळतात, आणि तुम्ही तो उंदरात घातलात?) माणसाच्या जीएफएपी जनुकाच्या प्रमोटरचा, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या भागाचा, तुकडा आणि त्याला जोडलेलं जीएफपी, एवढीच रचना.

गेल्या आठवड्यात एकाच वेताच्या सात उंदरांचे डोळे घेतले, वय ८ आठवडे. काप घेताना बाहेर धो धो पाऊस, दोनदा वीज गेली, क्रायोस्टॅट (गोठवून काप घेणारं यंत्र) पुन्हा थंड होईपर्यंत खिडकीत बसून होते. काप तरीही चांगले निघाले. मायक्रोस्कोपखाली म्यूलर पेशी (रेटिनाच्या आरपार जाणाऱ्या ग्लिया) आतल्या कडेपासून बाहेरपर्यंत सरळ उभ्या, हिरव्या, भाटातल्या माडांसारख्या.

मग त्याच कापांवर जीएफएपीची अँटिबॉडी (त्याच प्रथिनाला चिकटणारी) लावली, लाल रंगात. पाच उंदरांत लाल फक्त आतल्या कडेला, जिथे अ‍ॅस्ट्रोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या ग्लिया) पसरलेले असतात. म्यूलर पेशींच्या अंगात लाल काहीच नाही. दोन उंदरांत मात्र लाल दोरेही उभेच्या उभे.

सर म्हणतात, निरोगी उंदराच्या म्यूलर पेशी जीएफएपी जवळजवळ बनवत नाहीत, डोळ्याला इजा झाली की बनवतात. म्हणजे हिरवं दिसतंय तर सातही डोळे बिघडलेले. मी कुणाच्याही डोळ्याला काही केलेलं नाही. पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.

ताळगावचा_जुना

बाय, सरांची पहिली अर्धी गोष्ट बरोबर. दुसरी नाही.

तुझं हिरवं म्हणजे जीएफएपी नव्हे. प्रमोटरचा तो तुकडा त्या पेशीत चालतो, इतकंच ते सांगतं. तुकडा माणसाच्या जनुकाचा, उंदराच्या गुणसूत्रात भलत्याच जागी जाऊन बसलेला. उंदराच्या स्वतःच्या जनुकावर जो लगाम असतो तो याच्यावर पुरता नसतो. शिवाय जीएफपी पेशीत लवकर मोडत नाही. थोडंथोडं बनलं तरी साठतं आणि पेशीभर पसरतं. या जातीच्या उंदरांचं पहिलं वर्णन १९९७ सालचं, त्यातही म्यूलर पेशी चमकल्याची नोंद आहे. तेव्हा हिरव्यावरून पेशी ओळख, तिची तब्येत ओळखू नकोस. त्याला लालच लागतं. सरांची खात्री पटवायची तर एका कापावर ग्लुटामिन सिंथेटेजची अँटिबॉडी लाव. ते म्यूलर पेशीत निरोगीपणीही असतं, हिरव्यावर बरोबर बसेल.

त्या दोन उंदरांचं मात्र मला कळत नाही.

रात्रपाळी

त्या दोघांसाठीच लिहितोय. दोन प्रश्न. उंदरांचा रंग कोणता? आणि त्या दोघांत प्रकाशग्राही पेशींच्या केंद्रकांचा थर किती जाड आहे?

उंदीरवाली, फोंडा

सगळे काळे. थर आत्ता डॅपीत (केंद्रकं निळी दाखवणारा रंग) पुन्हा बघितला. पाच जणांत दहाबारा ओळी, त्या दोघांत जेमतेम एक! लाल-हिरव्याच्या नादात निळ्याकडे बघितलंच नव्हतं. लाज वाटतेय.

रात्रपाळी

लाज कसली, मी हे अख्ख्या एका वर्षाने शिकलो.

ही जात मूळ एफव्हीबी उंदरांत बनवलेली. एफव्हीबी पांढरे असतात आणि सगळेच्या सगळे आरडी-१ दोषाचे: पीडीई६बी जनुक मोडलेलं, जन्मानंतर तीनचार आठवड्यांत रॉड पेशी (प्रकाशग्राहींतल्या बहुतेक याच) मरून जातात. म्हणून थर एका ओळीवर आला, आणि ही डोळ्याला झालेली इजाच, म्हणून लाल दोरे. तुमच्याकडे कुणीतरी त्यांचा काळ्या सी५७शी संकर केला असणार. रंग काळा झाला म्हणून दोष गेला असं नाही. रंगाचं जनुक ७व्या गुणसूत्रावर, हे ५व्यावर. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. दोष अप्रभावी, म्हणून वाहक उंदीर अगदी ठणठणीत दिसतो. दोन वाहकांची जोडी लागली की सरासरी चारात एक पिल्लू आंधळं. सातात दोन म्हणजे हिशेब जुळतो.

पिंजऱ्यात ते कळणार नाही. उंदीर मिशांनी आणि वासाने फिरतो, आंधळाही तितक्याच चपळाईने पळतो. शेपटीचं डीएनए राखून ठेवलं असेल तर पीसीआर कर, तुकडा डीडीई-१ एन्झाइमने काप. दोषामुळे तिथे या एन्झाइमची जागा तयार झालेली असते, म्हणून दोष असलेलाच तुकडा तुटतो. आणि काळे उंदीर सी५७च्या 'एन' शाखेचे असतील तर आरडी-८ हा रेटिनाचा दुसरा दोषही तपास, तो वेगळा ताप.

उंदीरवाली, फोंडा

डीएनएचे तुकडे वेगळे करणारी जेल काल रात्री चालवली. त्या दोघांचे तुकडे पूर्ण तुटलेले. उरलेल्या पाचांत तीन वाहक, दोन साफ. आईबाप दोघेही वाहक, आणि आमच्या खोलीतल्या अर्ध्या जोड्या त्यांच्याच पिल्लांच्या. सरांना फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, मागच्या वर्षीच्या 'इजा' गटातले काप कपाटात आहेत, तेही काढ, थर मोज.

तेच करतेय. ६७ स्लाइड आहेत. फोंड्याची शेवटची कदंबा बस आज चुकणार.

देव बरें करूं, दोघांनाही.