धुऱ्यावरच्या झाडायचे चट्टे गायब झाले, कोळशाच्या धुळीनं का दुसरं काही?

पऱ्हाटीवाला_वणी
राम राम मंडळी. आमचं वावर वणी साइडले हाय, कोळशाच्या ट्रकच्या रोडले लागून. धूळ तर रोजचीच, कापूस फुटला का त्याच्यावर काळा थर बसते आन व्यापारी थेच दाखवून भाव पाडते, पण ते रडगाणं आज नाही गात. विषय दुसरा हाय. धुऱ्यावर आमचे जुने मोहाचे आन आंब्याचे झाडं हाय, त्यायच्या खोडावर पांढुरके-हिरवट चट्टे रायचे, खरखरीत, नखानं खरवडले तरी लवकर निघायचे नाही. माय म्हणते पहिले तं सारं खोड भरून रायचं. आता रोडकडच्या झाडाले एकबी नाही, नाल्यापलीकडच्या मोहाले मात्र हाय अजून. हे हवेनं जाते का? आन गेले तं झाडाले काय होते? व्हॉट्सअपचे फॉरवर्ड नका टाकू राजेहो, माहीत असन त्यानंच सांगा.

बॉटनीवाली_अमरावती
दादा ते लायकेन. मसाल्यातलं दगडफूल त्याच घराण्यातलं. एक बुरशी आणि एक शेवाळ मिळून राहतात त्यात. मुळं नाहीत, पानासारखा वरून मेणाचा थर नाही, त्यामुळे पाणी म्हणा अन्न म्हणा सगळं सरळ पावसातून नि हवेतून घेतं आणि हवेत जे असेल ते गुमान आत जातं. कोळसा जळून निघणारा सल्फर डायऑक्साइड, म्हणजे गंधकाचा वायू, त्यातल्या शेवाळाला सगळ्यात आधी मारतो. हे आजचं नाही बरं का, पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली लायकेन पाहून नायलँडर नावाच्या माणसानं १८६६ सालीच लिहिलं होतं की शहरात बाकी कुठे नाहीत ती इथे आहेत म्हणजे इथली हवा बरी आहे. पुढे त्या बागेतूनही गेली.

झाडाला थेट काही होत नाही, लायकेन झाडाचं काही खात नाही, नुसतं सालीवर बसतं. पण त्याच्यावर जगणाऱ्यांचं होतं. इंग्लंडात एक पांढरट ठिपक्यांचा पतंग होता, लायकेनवाल्या सालीवर बसला की दिसायचाच नाही. गिरण्यांच्या धुरानं लायकेन गेलं, खोडं काजळीनं काळी झाली आणि पांढरा पतंग पक्ष्यांना लांबून दिसायला लागला. काळा पतंग मँचेस्टरला १८४८ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला आणि १८९५ पर्यंत तिथे जवळजवळ ९८ टक्के काळेच. मग धुराचे कायदे आले, हवा सुधारली, पांढरे परत वाढले.

कोराडी_नाका
ताई माहिती भारी हाय पण एक सांगतो, सगळं खापर थर्मलवर, म्हंजे कोळशाच्या वीज केंद्रावर, फोडू नका. आपल्या कोळशात गंधक कमी असते, राख बेक्कार असते, तीस-चाळीस टक्के. विलायतेसारखा तेजाबी पाऊस इकडं कुठी पडला? आन पडला तरी आपली काळी माती चुनखडीची, खड्डा खणला तं पांढरे खडे निघते, थे तेजाब मारून टाकते. मले तं ह्या भाऊचा प्रॉब्लेम नुसता रोडच्या धुळीचा वाटते.

रिटायर_मास्तर_चंद्रपूर
काळ्या मातीचं बरोबर बोलले तुम्ही. नॉर्वे-स्वीडनमध्ये नेमकं उलटं होतं, खाली ग्रॅनाइट, चुना नावाला नाही, म्हणून तिथली तळी मेली. पण लायकेनचा मातीशी संबंधच येत नाही हो, त्याला वरून येईल तेच मिळतं. आणि आपल्या गडचिरोलीकडच्या जंगलातली सगळी जमीन काही काळी नाही.

तेजाबी पावसाचा इतिहास मजेशीर आहे, मजेशीर म्हणजे चीड येण्यासारखा. रॉबर्ट अँगस स्मिथनं मँचेस्टरच्या पावसात आम्ल असल्याचं १८५२ मध्ये सांगितलं, १८७२ मध्ये पुस्तक काढलं, पुढे शंभर वर्षं कोणाला फार पडलेली नव्हती. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनच्या धुरक्यात हजारो माणसं मेली तेव्हा कुठे १९५६ चा कायदा आला. त्यानं गावातला धूर कमी झाला, पण वीज केंद्रांच्या चिमण्या उंच उंच होत गेल्या. धूर गेला कुठे? समुद्रापलीकडे. स्वीडनच्या स्वांते ओडेननं १९६७ मध्ये हे उघड मांडलं. आम्लानं मातीतलं ॲल्युमिनियम सुटून तळ्यात उतरायचं आणि माशांच्या कल्ल्यांना मारायचं. हॉलंडच्या जंगलात तर मातीतला चुना घटला म्हणून गोगलगायी घटल्या, आणि त्या खाणाऱ्या रामगंगेच्या जातीच्या पाखरांच्या अंड्यांची कवचं पातळ व्हायला लागली. कोण कुठे अडकलेलं असतं पाहा.

आपल्याकडेही मोठ्या संचांना २७५ मीटरची चिमणी. म्हणजे नाक्यावर वास आला नाही म्हणून काही निघालंच नाही असं नाही, ते लांबच्या वावरात उतरतं. हवेचा कायदा १९८१ चा, गंधकाची मर्यादा २०१५ मध्ये आली, मुदती वाढत वाढत गेल्या आणि २०२५ मध्ये बहुतेक प्लांटना धुरातलं गंधक काढणाऱ्या यंत्रणेतून सूटच देऊन टाकली. गंधक कमी आहे हे तुमचंच कारण त्यात होतं कोराडीवाले.

कोराडी_नाका
😅 बरं मास्तर. पण धुळीचं काय मग?

बॉटनीवाली_अमरावती
धुळीचं तुमचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. धूळ पानावर बसली की उजेड अडतो, पानाची छिद्रं बुजतात, लायकेनही दबतं. फरक असा की जाड धूळ रोडच्या जवळच पडते, गॅस लांब जातो. दादा म्हणतात नाल्यापलीकडे आहे, त्यावरून मलाही आधी धूळच वाटते. पण दोनचार झाडांवरून नका ठरवू. आणखी एक, गाड्या नि थर्मलच्या धुरातून उन्हात ओझोन तयार होतो, तो शहरापेक्षा बाहेरच्या शेतात जास्त भरू शकतो, सोयाबीन-गव्हाचा उतारा त्यानं घटतो आणि डोळ्याला काही दिसत नाही. लायकेन पाहून तो कळायचा नाही.

पऱ्हाटीवाला_वणी
मंग मी पाहू कसं थे सांगा. लॅब-बिब नाही आपल्याजवळ.

बॉटनीवाली_अमरावती
एकाच जातीची झाडं घ्या, मोह तर मोहच, सारख्या जाडीची. रोडपासून लांब लांब जात छातीच्या उंचीवर खोडाच्या चारी बाजू पाहा, रोडकडची बाजू नि मागची बाजू वेगळी लिहा. मागच्या बाजूला असेल आणि रोडकडे नसेल तर धूळ. चारी बाजूंनी दूरवर साफ असेल तर मग मास्तरांच्या चिमणीचा विचार करू. फोटोत शेजारी नाणं धरा म्हणजे साइज कळेल.

पऱ्हाटीवाला_वणी
तुरी निघाल्या का करतो. मोहं कमी पडले तं बाभूळ चालन का? थे ढिगानं हाय.

बॉटनीवाली_अमरावती
मोहासोबत नको, साल वेगळी पडते. बाभळीच घ्यायच्या तर मग सगळ्या बाभळीच घ्या.